गंगेत पुन्हा पोहायचं का? (आनंदवल्ली ते गंगाघाट)

पाणकोंबडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

परवा रंगपंचमीला भाच्याला घेऊन नाशिकमध्ये तिवंध्याच्या रहाडीवर गेले होते. पोरगं पुण्यात वाढलेलं, त्यानं रहाड पहिल्यांदाच पाहिली. वर्षभर ज्याच्यावरून गाड्या जातात तो रस्ता उकरून, लाकडी ओंडके बाजूला काढून खालचा पेशवेकाळातला दगडी हौद उघडलेला. फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतलेला. आणि एकामागून एक माणूस येऊन धप्पा मारतोय, म्हातारे, पोरं, नोकरदार, सगळे. भाच्यानंही मारला. रंगानं निथळत घरी येताना त्यानं विचारलं, "मावशी, नदी तर इथून पाच मिनिटांवर आहे. तिथे का नाही कोणी उड्या मारत?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मी पोहायला शिकले ती गंगेतच. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे गोदाघाटावर.) १९८० च्या आसपासची गोष्ट. वडील पाठीला दोन सुके कडू भोपळे बांधायचे. सुतळी काखेत काचते म्हणून आई आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून द्यायची. ती पट्टी ओली झाली की तिचा एक वास यायचा, तो अजून आठवतो. गांधी तलावाच्या पायऱ्यांवरून वडील हलकेच ढकलायचे आणि स्वतः चार हातांवर उभे राहायचे. दोन आठवड्यांनी एक भोपळा निघाला. दुसरा कधी निघाला ते मला कळलंच नाही. पलीकडच्या पायरीला हात लागला, मागे वळून पाहिलं, तर तो वडिलांच्या हातात होता.

माझी मुलगी सावरकर तलावात पोहायला शिकली. माझ्यापेक्षा छान पोहते. पण तिचा गंगेशी संबंध आला तो एकदाच, आजीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा. ती वाकून पाण्याला हात लावणार तेवढ्यात मीच म्हणाले, "नको, वास येतोय." आजी ज्या पाण्यात शेवटची जाणार होती, त्याच पाण्याला नातीनं हात लावू नये असं मी सांगितलं. हे मला फार लागून राहिलं आहे.

तर आता काय चाललंय ते सांगते. गेल्या दिवाळीपासून आम्ही गंगापूर रोडची आठ-दहा माणसं दर रविवारी सकाळी आनंदवल्लीजवळ नदीवर जमतो. सुरुवातीला नुसता कचरा उचलायचो. पोत्यांमागून पोती भरली. मग वाटलं, प्लॅस्टिक डोळ्यांना दिसतं, पण पाण्यात काय आहे ते कुठे दिसतं? म्हणून ग्रामपंचायती वापरतात तसल्या जिवाणू तपासणीच्या छोट्या काचेच्या बाटल्या आणल्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर २४ ते ४८ तासांत आतलं पाणी काळं पडतं. मी त्या टॉवेलात गुंडाळून फ्रीजच्या वर, मागच्या बाजूला ठेवते, तिथे ऊब असते.

पहिल्या रविवारी दोन बाटल्या भरल्या. एक नाला मिळतो त्याच्या वरून, एक खालून. सोमवारी सकाळी चहा टाकताना पाहिलं, खालची बाटली काजळासारखी काळी झाली होती. वरची मंगळवारी सकाळपर्यंत जराशी करडी. शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोन बाटल्या आमच्या सोसायटीतल्या ज्यांनी ज्यांनी पाहिल्या, त्यातले चार जण पुढच्या रविवारी आपणहून आले.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण नदीकडे पुलावरून पाहतो, म्हणून ती आपल्याला चालते. ज्याचं अंग पाण्यात जातं तोच विचारतो की हे पाणी कसं आहे. नाशिकमध्ये नदीचा एक तरी पट्टा असा व्हावा जिथे उन्हाळ्यात पोरांना निर्धास्त पोहायला सोडता येईल. उद्या उड्या मारा असं मी म्हणत नाहीये. तिथपर्यंत जायचं कसं, ते बोलू या.

तिवंध्याचा

ताई, गांधी तलाव वाचून अंगावर काटा आला. आम्ही तुमच्या आधीची पिढी. शाळा सुटली की दप्तर पायरीवर आणि आम्ही पाण्यात. मोठी मुलं व्हिक्टोरिया पुलावरून सूर मारायची (आताचा अहिल्यादेवी होळकर पूल). आम्ही लहान म्हणून आम्हाला सांडव्यावरून. सांडव्यावर शेवाळ असायचं, पाय सरकला की आपोआप धप्पा. बुडी मारून तळाची वाळू मुठीत आणून दाखवायची पैज असायची. वाळू होती तेव्हा तळाला. पुढे कुंडांच्या तळात काँक्रीट ओतलं, जिवंत झरे बुजले. काही ठिकाणचं काढलंय म्हणतात, पण मुठीत वाळू यायला अजून वेळ आहे.

१९६९ चा पूरही मी पाहिलाय. नारोशंकराच्या देवळाचं नुसतं वरचं टोक दिसत होतं आणि दुतोंड्या मारुती (घाटावरची उंच मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून बघतात) पूर्ण पाण्याखाली. तरी पूर ओसरल्यावर आठवड्याभरात आम्ही परत पाण्यात होतो. नदीची भीती नव्हती कारण तिची सवय होती. २०१९ च्या पुरात नातवाला दुतोंड्या दाखवायला नेलं तर तो म्हणाला, आजोबा, लांबूनच बघू.

स्टेथोस्कोप

मी डॉक्टर आहे, म्हणून विरजण घालतोय असं समजू नका. उपक्रम मला मनापासून आवडला. पण काही गोष्टी स्पष्ट असाव्यात.

काळ्या पडणाऱ्या बाटल्या घरोघरी दाखवायला उत्तम आहेत. त्या 'दूषित आहे की नाही' एवढंच सांगतात, किती ते सांगत नाहीत. पोहण्यासाठी 'किती' हेच महत्त्वाचं. आपल्याकडे उघड्यावरच्या स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलीफॉर्म जिवाणू ५०० च्या आत असावेत, फार तर २५००, त्याच्या पुढे नाहीच. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. हे आकडे पाठ करून ठेवा. कोणीही "पाणी स्वच्छ झालं" म्हणालं की यातला कुठला आकडा किती आला, एवढंच विचारायचं.

पाणी चांगलं असलं तरी पावसानंतर दोन-तीन दिवस उतरायचं नाही. पहिल्या पावसात शहराचे सगळे रस्ते, गोठे, गटारं धुऊन नदीत येतात. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू पायाच्या साध्या चिरेतूनही शिरतो. कान फुटणं, डोळे येणं, अंगाला खाज, जुलाब ही नेहमीची यादी आहेच. जखम उघडी असेल तर घरी बसा. आणि पाणी गिळू नका हे मुलांना शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही.

सरळसोट

मला हे पटत नाही. गोदावरी तीर्थ आहे, पोहण्याचा तलाव नव्हे. पोहायला महापालिकेचे तलाव आहेत. उद्या रामकुंडावर लोक चड्ड्या घालून शिट्ट्या मारत उड्या टाकणार, ते बघायचं का आम्ही?

कुंडावरचा

सरळसोट, मी रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या विधी करणाऱ्या घरातला आहे, म्हणून उत्तर देतो. तुमचं अर्धं बरोबर आहे. धर्मशास्त्रात गंगेत काय काय वर्ज्य त्याची यादीच दिली आहे आणि तीत क्रीडा आहे. पण त्याच यादीत निर्माल्य टाकणं आहे, अंग चोळून मळ काढणं आहे, शौच आहे, कपडे आपटणं आहे. यादी पाळायची तर सगळी पाळू या. क्रीडा तेवढी बंद करून बाकीचं सगळं आपण चालू ठेवलं आहे.

माझं मत असं की रामकुंड, अस्थिविलय, घाटाचा हा भाग विधींसाठी राहू द्यावा. पोहणं वर, आनंदवल्लीच्या अंगाला. तिथलं पाणी पोहण्याजोगं झालं तर तेच पाणी खाली आमच्याकडे येतं. हातात पाणी घेऊन "आचमन करा" असं सांगताना यजमान माझ्या तोंडाकडे बघतो. बहुतेक जण ओठांपाशी नेल्यासारखं करून सोडून देतात. मीही आता काही म्हणत नाही. तेव्हा वरच्या पोहणाऱ्यांमुळे जर हे सुधारणार असेल तर मी पहिला तुमच्या बाजूनं.

सरळसोट

रामकुंडाच्या वर, लांब असेल तर माझी हरकत नाही. आचमनाचं वाचून वाईट वाटलं. माझाही अनुभव तोच आहे.

नाशिकरोडचा_अभियंता

सांडपाण्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

लोकांना वाटतं नदी कारखान्यांनी घाण होते. थोडी होतेही. पण आनंदवल्ली ते घाट या पट्ट्यात मुख्य प्रश्न घरगुती सांडपाण्याचा आहे आणि ते येतं नाल्यांतून. चिखली नाला, मल्हारखाण, चोपडा नाला. खाली नासर्डी आणि वाघाडी मिळतात. त्या दोघी मुळात नद्या आहेत, आता लोक त्यांनाही नालाच म्हणतात. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत. पण केंद्रापर्यंत पाणी पोचलं तर त्यावर प्रक्रिया होणार. नाल्याच्या तोंडाशी पाणी अडवून ते पंपानं गटारवाहिनीत चढवतात. वीज गेली, पंपात चिंध्या अडकल्या, की चेंबर भरतं आणि सगळं सरळ नदीत. रात्री दोन वाजता हे झालं तर बघायला कोणी नसतं. सकाळी पाण्यावर फेस दिसतो तो त्याचा.

आता ऑक्सिजनचं. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य खायला जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. त्यांना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप म्हणजे बीओडी. त्यात नत्र आणि फॉस्फरस मिळाला की पाणवेली माजतात. पाणवेलींनी पृष्ठभाग झाकला की वारा लागत नाही, ऊन आत जात नाही, ऑक्सिजन आणखी घसरतो. म्हणजे पाणवेली काढणं गरजेचं, पण ते जेसीबीनं काढून मुळाशी नाला तसाच ठेवला तर दोन महिन्यांत परत.

म्हणून पाणकोंबडीताई, तुमच्या दोन बाटल्यांचं मोल मला फार वाटतं. नाल्याच्या वर एक, खाली एक. आमच्या कामात अहवाल महिन्याला यायचा आणि नदीचा सरासरी आकडा सांगायचा. रविवारी सकाळी सात वाजता अमुक नाल्याखाली काय होतं, हे दर आठवड्याला लिहून ठेवलेलं कोणाकडेच नसतं. तारीख, वेळ, त्या दिवशी वीज होती का, धरणातून पाणी सुटलं होतं का, एवढं वहीत लिहा. वर्षभराची अशी वही घेऊन गेलात तर समोरच्या माणसाला "बघतो" म्हणून सुटता येत नाही. २०१२ मध्ये गोदावरीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे तज्ज्ञ नेमले गेले. तिथेही शेवटी उपयोगी पडतात ती अशीच मोजमापं.

बासेलहून

मी मूळचा मेरी-म्हसरूळचा, सध्या स्वित्झर्लंडमध्ये बासेलला असतो. इथे ऱ्हाईन नदी शहराच्या मधून वाहते. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ऑफिस सुटलं की लोक कपडे, बूट, फोन सगळं माशाच्या आकाराच्या एका पाणबंद पिशवीत भरतात, तोंड गुंडाळून घट्ट करतात, आणि पिशवीला धरून नदीत उतरतात. प्रवाह नेईल तसे घराच्या दिशेनं तरंगत जातात. मालवाहू जहाजंही त्याच नदीत असतात. म्हणून पोहणाऱ्यांनी एकाच काठानं जायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दरवर्षी एक दिवस सगळं शहर एकत्र पोहतं. हे १९८० पासून चालू आहे.

पण हे शहर सुरुवातीपासून असं नव्हतं, हे मला इथल्या शेजारच्या आजींनी सांगितलं. १ नोव्हेंबर १९८६ ला शहराला लागून असलेल्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली, खाली कितीतरी किलोमीटर मासे मेले. लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी ऱ्हाईनच्या काठच्या देशांनी मिळून नदी सुधारायचा कार्यक्रम ठरवला. आजी म्हणतात, "आम्ही त्या नदीत पोहत होतो ना, म्हणून आम्हाला ती आमची मेली असं वाटलं."

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा तरंगता तरंगता मला आनंदवल्लीच आठवत होती. खरं सांगतो, रडू आलं.

गोदाकन्या_९८

पॅरिसचं पण लिहा ना कोणी. सीन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्तानं काम झालं आणि ५ जुलै २०२५ ला तीन ठिकाणी सामान्य लोकांसाठी खुली झाली. जोराचा पाऊस झाला की बंद ठेवतात. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधली, म्हणजे गटारं तुंबून नदीत जाणं कमी होतं. आपल्याकडे २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्यांना ऑलिंपिक, आपल्याला कुंभ. निमित्त आपल्याकडे दर बारा वर्षांनी येतं.

नाशिकरोडचा_अभियंता

अगदी बरोबर. फक्त एक काळजी. कुंभाच्या वेळी पर्वणीपुरतं धरणातून पाणी सोडून नदी वाहती करतात आणि पाणी तेवढ्यापुरतं बरं दिसतं. पर्वणी संपली की पुन्हा तेच. आपल्याला वैशाखातलं पाणी बघायचं आहे, पर्वणीतलं नव्हे.

काठावरचा

मी बराच वेळ लिहू की नको असं करत होतो.

माझा मावसभाऊ सोमेश्वरला बुडाला. एकोणीस वर्षांचा होता. चांगला पोहणारा. मित्रांबरोबर गेला, धबधब्याच्या खाली कातळात खाचा आहेत, पाय अडकला की काय झालं कोणाला कळलं नाही. अग्निशमन दलाच्या जवानांनी दुसऱ्या दिवशी काढला. मावशी अजून गंगापूर रोडनं जात नाही. तुम्ही सगळे फार छान लिहिता आहात, पण "नदीत चला" असं पोरांना सांगताना हे कोणाच्या मनात आहे का?

पाणकोंबडी (धागाकर्ती)

दादा, तुमच्या मावशींची गोष्ट वाचून दोन दिवस काही लिहवलं नाही. लिहिलंत त्याबद्दल तुमचे उपकार.

तुमच्यामुळे एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकते. सोमेश्वर आपल्या बोलण्यातून पूर्ण काढून टाकू या. कातळ, भोवरे, धबधब्याचा खालचा डोह, तिथे कोणालाही बोलवायचं नाही. आणि जिथे बोलवायचं तिथे माणूस हवा. पट्टीचा पोहणारा, शिट्टी, दोर, फुगवलेली टायरची ट्यूब. रामकुंडावर जीवरक्षक असतात, त्यांच्यातल्या दोघांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, पोरं तर आजही नदीवर जातातच, चोरून. चोरून गेलं की काठावर कोणी नसतं, आणि बुडतात तेव्हा कोणाला कळत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, काठावर जाणता माणूस, हे असलं की चोरून जाणं कमी होईल असं त्यांना वाटतं. मलाही. पण तुम्हाला पटलं नाही तरी मी समजू शकते.

काठावरचा

दोर आणि माणूस असेल तर मी येईन. पोहणार नाही. काठावर उभा राहीन.

मखमलाबादकर

राम राम. आम्ही शेतकरी माणसं, द्राक्षं आहेत आमची. नदीचं पाणी आम्ही रोज बघतो. शहरातल्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते ती सांगतो. गंगा आता आपल्या मनानं वाहत नाही. वर गंगापूर धरण आहे, त्याच्याही वर काश्यपी आणि गौतमी. आवर्तन सुटलं की पाणी वाढतं, बंद झालं की दगड उघडे पडतात. पावसाळ्यात विसर्ग सोडतात तेव्हा गुडघाभर पाणी बघता बघता छातीला लागतं. भोंगा वाजतो, पण पाण्यात खेळणाऱ्या पोरांना ऐकू जात नाही. तेव्हा आषाढ ते आश्विन कोणालाच उतरू देऊ नका. कार्तिकापासून वैशाखापर्यंत काय ते. आणि रोज सकाळी वर चौकशी करा की आज पाणी सुटणार आहे का.

नवी_पालवी

मी गोविंदनगरला राहते, वय २६. मला पोहता येतं. पण धाग्यावर जे जे पोहल्याच्या आठवणी सांगतायत ते पाणकोंबडीताई सोडल्या तर सगळे पुरुष आहेत. बायकांनी काय घालून उतरायचं? कपडे कुठे बदलायचे? काठावर मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्यांचं काय? मागे एकदा मी मैत्रिणींबरोबर नुसते पाय सोडून बसले होते तरी दोन मुलं व्हिडिओ काढत होती. रामकुंडावर वस्त्रांतरगृह बांधलं गेलं कारण तिथे स्नान करणाऱ्या बायका असतात हे कोणीतरी गृहीत धरलं होतं. आनंदवल्लीला तसं काही गृहीत धरणार आहात का?

पाणकोंबडी (धागाकर्ती)

हे मी धागा काढतानाच लिहायला हवं होतं. रविवारच्या आमच्या आठ-दहा जणांत पाच बायका आहेत. आम्ही ठरवलंय की पहिला दिवस ठरेल तेव्हा सकाळी सहा ते साडेसात फक्त बायका आणि मुली. दोन तंबू आणि एक बादली स्वच्छ पाणी. आणि कपडे ज्याला जे सोयीचं ते. माझी आई नऊवारी नेसून पोहायची, काष्टा घट्ट मारून. पंचवटीतल्या कितीतरी बायका पोहायच्या तशा.

चवदार

एक वेगळी गोष्ट मांडतो. पाण्यात उतरणं हा आपल्या महाराष्ट्रात साधा प्रश्न कधीच नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, तो इथेच, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. माझे पणजोबा त्यात होते. घरात सांगतात की घाटावरच्या कुठल्या पायऱ्या आपल्या आणि कुठल्या नाहीत हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

आज नदीत कोण पोहतं ते बघा. काठावरच्या वस्त्यांतली पोरं. त्यांना ना महापालिकेच्या तलावाची फी परवडते, ना त्यांना कोणी घाण पाण्याबद्दल सावध करतं. ती आजही उडी मारतात, आणि त्यांच्याच अंगाला खाज येते. तुमचा उपक्रम सुरू झाला की उद्या तिथे रेलिंग लागेल, बाग होईल, तिकीट लागेल आणि या पोरांना हाकलतील, ही मला भीती वाटते. नदी कुठे खोल, कुठे गाळ, कुठे काच आहे हे त्या पोरांइतकं तुमच्यापैकी कोणालाही माहीत नाही. त्यांना आधी बोलवा.

तिवंध्याचा

चवदार, तुमचं शंभर टक्के खरं. आमच्या वेळी आम्हाला बुडी शिकवणारा एक काठावरचाच मुलगा होता. कोळ्यांचा. त्याचे आम्ही कधी साधे आभारही मानले नाहीत.

कृष्णाकाठची

सांगलीहून. आमच्याकडे कृष्णेत पोहणं अजून बंद झालेलं नाही. पहाटे घाटावर सत्तरीतले लोक नेमानं पोहायला येतात, आयर्विन पुलावरून उड्या मारणारी पोरं तर आहेतच. पाणी आमच्याकडेही बिघडलंय, मासे मरतात मधूनमधून. पण मेल्या माशांची बातमी सगळ्यात आधी या पहाटेच्या पोहणाऱ्यांकडूनच गावात येते. तुमच्या बाटल्या रविवारी बोलतात, आमच्याकडे हे लोक रोज बोलतात. पोहणारे पुन्हा तयार करा, बाकी पुष्कळसं आपोआप होईल.

गोदाकन्या_९८

अमेरिकेत बोस्टनच्या चार्ल्स नदीला १९९५ पासून दरवर्षी शाळेसारखी श्रेणी देतात. पहिल्या वर्षी 'डी' मिळाली होती. २०१३ मध्ये पन्नासहून जास्त वर्षांनी लोक तिथे रीतसर पोहले. आपण फळा लावू या का? आनंदवल्लीला, चालायला येणाऱ्यांना दिसेल असा. दर मंगळवारी खडूनं लिहायचं: नाल्याच्या वर काय, खाली काय. गोदापार्कवर रोज एवढे लोक फिरतात, वाचतील.

पाणकोंबडी (धागाकर्ती)

फळा मिळाला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शिकवणीचा जुना पडून होता. चवदार यांनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना भेटायला गेलो. सात जण आले, सगळ्यात मोठा तेरा वर्षांचा. त्यानं आम्हाला काठानं चालवत नेलं आणि काठीनं दाखवत गेला: इथे गळाभर, इथे पुरुषभर, इथे दगडाखाली काचा, इथे उतरू नका, गाळ धरतो. मी वहीत नकाशा काढत होते. आमच्या अभियंताकाकांनी फोनवर तो पाहिला आणि म्हणाले, असा नकाशा मी तीस वर्षांत पाहिला नाही.

रविवारी बाटल्या त्याच पोरांनी भरल्या. तिघांनी एक एक बाटली घरी नेली, एक चुलीजवळ, एक टीव्हीच्या मागे, एक आजीच्या गोधडीत. मंगळवारी फळ्यावर लिहिलं. नाल्याखालची काळी. नाल्यावरची ४८ तासांनी अजून करडीच. बंधाऱ्याच्या वरची, पोरांनी निवडलेल्या जागेची, पांढरी होती. एकदाच पांढरी म्हणजे काही नाही, डॉक्टर रागावतील. सलग दहा आठवडे पांढरी आली की प्रयोगशाळेत पाठवून ५०० चा आकडा बघायचा, मग पुढचं.

त्या तेरा वर्षांच्या मुलानं एक विचारलं आहे, त्याची धाकटी बहीण आठ वर्षांची आहे, तिला शिकवाल का. कोणाकडे सुके भोपळे आहेत का?

मखमलाबादकर

कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल आहे. तीन वाळलेत, बिया खुळखुळतात. रविवारी घेऊन येतो. सुतळी तुम्ही आणा, आणि लुगड्याची पट्टी.

काठावरचा

दोर माझ्याकडे आहे. ऐंशी फुटी.